सर्व्हरचा दसरा

"भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही परवानगी लागते! मशीन कसं आपलं पाहिजे, आपलं!" रणजीतने टेबलावर हात आपटला. तुर्भ्यातल्या त्यांच्या छोट्या कंपनीच्या ॲपवर मिठाईवाल्यांच्या ऑर्डरी चालायच्या, आणि आजवर ते सगळं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर होतं.

"तिकडे ते लोक सांभाळतात रे. इथे कोण सांभाळणार?" त्याच्या टीममधल्या उत्कर्षाने विचारलं.

"मी! एकदा जरी बंद पडलं ना, टीम लीडची खुर्ची तुझी!"

झालं! सर्व्हर आला, एसी लागला. देखरेखीला रणजीतने वडिलांना बसवलं. हौसेरावांची सगळी हयात शेजारच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेलेली. तरी रणजीतला चैन कुठली! आंघोळीलाही फोन सोबत. एसीचा आवाज जरा बदलला की हा धावत सर्व्हरपाशी.

दसरा उजाडला. श्रीखंडाच्या ऑर्डरींचा दिवस! ऑफिसला सुट्टी. रणजीत घरी तोरण बांधत होता, तेवढ्यात अरविंदशेट मिठाईवाल्यांचा फोन. "अहो, ॲप बंद! गिऱ्हाईक बोंबलतंय!"

तोरण अर्धवट लोंबकळत सोडून गडी धावत सुटला. ऑफिसात उदबत्तीचा घमघमाट. सर्व्हरला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढ्यात नारळ. आणि दिवा एकही लुकलुकत नव्हता!

"बाबा! बंद कुणी केलं?"

"म्या! चालत्या मशीनची पूजा करत्यात व्हय?" हौसेराव म्हणाले. "चांगलं पुसूनबिसून घेतलं."

"पाण्याने?"

"कोरड्या फडक्यानं रं! येडा हाय का मी?"

रणजीतने बटणाकडे हात नेला.

"खबरदार! पूजेतल्या मशीनला हात लावायचा न्हाई. सांजच्याला सोनं वाटून झालं, की मग चालू कर!"

हात हवेतच राहिला. दप्तराची पूजा झाली की अभ्यास करायचा नाही, हा नियम त्याने लहानपणी मोठ्या आनंदाने पाळला होता. आता बोट काही केल्या पुढे जाईना! खिशात अरविंदशेट ठणाणा वाजत होते. शेवटी त्याने निमूट उत्कर्षाला फोन लावला.

"जुनं क्लाउडवरचं... आहे का गं अजून?"

"ठेवलंय की. डेटाही रोज तिकडे जातोय. थांब, फोनवरूनच करते चालू."

"फोनवरून? लॅपटॉप कुठाय?"

"दसरा आहे ना? पूजेत ठेवलाय!"

चहा व्हायच्या आत ऑर्डरी सुरू झाल्या. खुर्चीही गेली.

ऑर्डरी पुन्हा क्लाउडवरच चालतात, आणि सर्व्हर आता रणजीतच्या घरी, टीव्हीशेजारी असतो. हौसेराव आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. "पोराचं सोताचं मशीन हाय. त्या दसऱ्यापास्नं एकदाबी बंद पडलं न्हाई!"

रणजीत मान डोलावतो. चालू केलंय कुणी!