आप्पा अंघोळीला गेलेत

रविवार, २ मार्च. सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची होती. मी सेक्रेटरी, त्यामुळे सकाळपासून गच्चीवर. सगळ्या लाइनींचे व्हॉल्व्ह बंद केले, माणसं खराटे घेऊन टाकीत उतरली आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे भोईटेकाका कागद हलवत वर आले.

"इन्स्पेक्टरबाई, गेज लावायचंय."

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेज म्हणजे मापाचा साचा; पार्ट त्यात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. काका टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहितात आणि काढतातही. त्यांचा नियम असा, की विनोद आधी मला वाचून दाखवायचा, कारण मी सहसा हसत नाही. "हसऱ्या माणसाला हसवण्यात काय अर्थ?" मी हसले की ते "पास" म्हणतात आणि कागदावर टिक करतात. स्वतः मात्र कधीच हसत नाहीत. आम्ही निगडीत राहायला आल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही.

काकांचं हे सगळं सुरू झालं पिंपरीच्या कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये. यंत्र खाली आपटलं की बोललेलं काही ऐकू यायचं नाही. ते वर जाईल तेवढ्या उसंतीत वाक्य संपवायचं. शेजारच्या प्रेसवर नाना साबळे म्हणून त्यांचा दोस्त होता. नाना हसला की वाक्य बरोबर. "माझं शिक्षण तेवढ्या फटीत झालं," काका म्हणतात. पुढे कारखान्याच्या गॅदरिंगमधून दोघं टीव्हीवर गेले. काका लिहायचे, नाना करायचा. अजूनही एखाद्या नटानं वाक्य लांबवलं की काका टेबलावर मूठ आपटतात. "ठक्! आली प्रेस. वाक्य कापलं गेलं."

आयुष्यभर माणसं हसवायची आणि अजून त्या फटीचं माप चुकू द्यायचं नाही, हे यंत्रालाही जमेल असं मला वाटत नाही. एकदा पार्किंगवरून जोशी आणि कांबळे मीटिंगमध्ये एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मी पोलिसांना फोन लावत होते. काका उठले. "जोशी, तुमचं वाक्य कांबळेंना द्या. त्यांच्या तोंडी चांगलं वाटेल. कांबळे, तुम्ही एवढ्यात ओरडू नका, पुढे काही उरणार नाही." पुढचा अर्धा तास ते दोघं काकांच्या हाताखाली तालीम करत होते. गाडी कुठे लावायची ते राहूनच गेलं.

पण लोक त्यांना ओळखतात ते आप्पांमुळे. त्यांच्या आत्ताच्या मालिकेत नाना घरातले थोरले आप्पा व्हायचा. तो आजारी पडला तेव्हा काकांनी तात्पुरतं लिहिलं, "आप्पा अंघोळीला गेलेत." नाना त्या आजारातून उठला नाही. चॅनेल म्हणालं, दुसरा नट घ्या, नाही तर फोटोला हार घाला. काकांनी दोन्ही केलं नाही. त्यानंतर प्रत्येक भागात कुणीतरी आप्पांना शोधत येतं, बाथरूममधून तांब्याचा आवाज येतो आणि आतून नानाच्या आवाजात "आलोच!" मग घराघरांतून हशा. आमच्या कंपनीत सुपरवायझर जागेवर नसला की पोरं म्हणतात, "आप्पा अंघोळीला गेलेत." मला वाटायचं, काकांनी एका नटाचा खर्च वाचवला. तसं मी त्यांना म्हटलंही होतं. ते नुसतं "पास" म्हणाले.

"उद्या शेवटच्या भागाचं शूटिंग," काका कठड्याला टेकले. "मालिका संपतेय. चॅनेलची पोरगी म्हणते, आता दार उघडायचं. दुसरा नट पाठमोरा उभा करू, डोक्यावर टॉवेल."

"मग लिहिलंत?"

"लिहिलं. ऐका."

नळाचं पाणी जातं. सगळं घर बाथरूमसमोर जमतं. आप्पा आतूनच भांडतात, साबणाचा फेस दाराखालून बाहेर येतो आणि कडी वाजते. मी हसले. मोठ्यानं हसले. टाकीतली माणसं वर बघायला लागली.

काकांनी टिक केली नाही.

"पास ना?" मी विचारलं.

"तो 'आलोच' आहे ना, बाई, तो मी दवाखान्यात मोबाइलवर घेतला होता. नळ्या लावलेल्या होत्या. म्हणाला, भोईट्या, भाग थांबवू नकोस, हे लाव, मी येतोय." त्यांनी कागदांची गुंडाळी केली. "आता दार उघडलं, की तो आत नसणार."

डोळे पुसणं, पाठीवर हात ठेवणं मला येत नाही. खाली टाकीत खराटा चालला होता.

"काका," मी म्हटलं, "टाकी आज धुऊन होतेय. उद्यापासून पाणी भरपूर आहे. करू द्या त्यांना अंघोळ."

काकांनी गुंडाळी सोडून कठड्यावर सपाट केली, दार उघडायचा सगळा प्रसंग खोडला आणि माझं वाक्य लिहिलं. ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं आणि कठड्यावर मूठ आपटली. ठक्.

"बसतंय," ते म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस यायच्या आधी मी गच्चीवर गेले. आधी काकांच्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडला. खाली त्यांच्या बाथरूममध्ये बादलीत धार पडल्याचा आवाज आला, तेव्हा बाकीच्यांचे उघडले.