मराठी असल्याचा दाखला

सन एकोणीसशे ब्याऐंशीच्या गणपतीत बहरीनमधल्या मनामाच्या मराठी स्नेहवर्धक मंडळाचा महाप्रसाद कमी पडला. पानं धरली होती दोनशे साठ आणि जेवून गेले तीनशे एकेचाळीस. शेवटच्या पंगतीला भात, मीठ आणि लिंबाची फोड एवढंच आलं. प्रकरण गंभीर होतं. मंडळाने तीन जणांची चौकशी समिती नेमली, समितीने चार महिने चौकशी केली, आणि अहवालात लिहिलं की महाप्रसाद कमी पडलेलाच नाही. मराठी माणसं जास्त झाली आहेत.

एकदा हे ठरल्यावर पुढचं आपसूक आलं. जास्तीचा कोण? जो खरा नाही तो. खरा कोण? ते बघायला परीक्षा हवी. अध्यक्ष खरशीकर साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, बोलताना चष्मा काढून हातात धरायचे. ते म्हणाले, "अहो, सुधारलेल्या देशांत नागरिकत्व असं फुकट वाटत नाहीत. प्रश्न विचारतात. आमच्या मेव्हण्याला अमेरिकेत विचारलं, झेंड्यावर पट्टे किती. त्याने सांगितलं, झाला अमेरिकन. आदल्या दिवशी नव्हता."

ठराव पास झाला. यापुढे मंडळात आरतीला उभं राहायचं, पूजेला बसायचं, पंगतीला बसायचं, तर मराठी असल्याचा दाखला पाहिजे. परीक्षेला पाच जणांची नवी समिती, प्रश्न पंचवीस, पास व्हायला वीस.

या ठरावाची झळ बसली ती गुंडूला.

गुंडू सावंतवाडीकडचा. एका कंपनीची बस चालवायचा. मुहर्रकच्या कॅम्पातून माणसं उचलायची, सित्राला टाकायची, रात्रपाळीची माणसं परत आणायची. मंडळात त्याचं काम ठरलेलं. मुंबईहून विमानाने मूर्ती आली की कार्गोतून सोडवायची आणि मांडीवर घेतल्यासारखी हळू गाडी चालवत हॉलवर पोचवायची. आठ वर्षांत गणपतीच्या बोटाला धक्का नाही.

आता मंडळात सपत्नीक पूजेचा मान चिठ्ठी टाकून ठरायचा. गुंडू आठ वर्षं चिठ्ठी टाकत होता. बायको गावी, पण चिठ्ठी टाकायला काय जातं? आणि ठराव झाला त्याच वर्षी नेमकी त्याची चिठ्ठी निघाली. गुंडू मॅनेजरकडे गेला, हातापाया पडला, आणि बायकोचा महिन्याभराचा व्हिजिट व्हिसा काढून घेतला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हिशेब केला तर दोघं एका छपराखाली धरून दहा महिने राहिली होती. बायकोचं नाव रंभा. तिने पत्रात लिहवून घेतलं होतं, "पूजेक बसाक मिळतला म्हणान येतंय. नायतर त्या वाळवंटात माझा काय काम?"

त्यामुळे दाखला नाही तर पूजा नाही, आणि पूजा नाही तर रंभाला तोंड कुठल्या तोंडाने दाखवायचं, असा पेच होता.

लेखी परीक्षा अदलियातल्या खरशीकरांच्या बंगल्यावर झाली. पहिलाच प्रश्न होता : सकाळी उठल्यावर मराठी माणूस प्रथम काय पाहतो? उत्तर हवं होतं, आपले तळहात. गुंडूने लिहिलं, नळाक पाणी इला काय ता. दुसरा : दुपारी एक ते चार मराठी माणूस काय करतो? उत्तर, वामकुक्षी. गुंडूने लिहिलं, दुसरी शिफ्ट सोडता. तिसरा, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर आणि त्याची उंची. गुंडूने कळसूबाई लिहिलं आणि उंचीच्या जागी लिहिलं, थंय बस जाणा नाय. चौथा, पुरणपोळी कशाबरोबर खातात? या प्रश्नावर खुद्द समितीत तीन आठवडे भांडण झालं होतं. एक म्हणाला तूप, एक म्हणाला कटाची आमटी, नागपूरचे एक गृहस्थ तर तुपाची वाटी किती मोठी यावरच अडून बसले. शेवटी मतदान होऊन तीन विरुद्ध दोन मतांनी दूध पास झालं. गुंडूने लिहिलं, नारळाचो रस.

पंचवीसपैकी नऊ.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर अँब्रोज होता. वसईचा, हॉस्पिटलात क्लार्क, घरी बायको-पोरांबरोबर रोज संध्याकाळी मराठीत प्रार्थना म्हणणारा. त्याला कुलदैवत विचारलं होतं. त्याने गावच्या चर्चच्या संताचं नाव लिहिलं. परीक्षकाने लाल शाईत शेरा मारला, 'शुद्धलेखन बरोबर, दैवत चूक.'

"चला, दोघं पण परदेशी झालो," अँब्रोज बाहेर येऊन म्हणाला.

"तुका मस्करी सुचता रे," गुंडू म्हणाला. "माझी बायल तिकीट काढून बसलीहा."

"मग पाठ कर ना. उत्तरं बोर्डावर लावलीत. मराठी व्हायला काय डोकं लागतं? पाठांतर लागतं."

गुंडूने पाठ केलं. बस चालवताना म्हणायचा, जेवताना म्हणायचा. मागे बसलेले पठाण आणि मल्याळी फिटर महिन्याभरात कळसूबाईची उंची फुटांत सांगायला लागले. गुंडू सवयीसाठी म्हणून सकाळी उठून आधी तळहात बघायला लागला, आणि तेवढ्यात नळाच्या रांगेत चार माणसं पुढे घुसायची. बस दोनदा उशिरा गेली. फोरमन ओरडला, "क्या करता है सुबह सुबह?" गुंडू म्हणाला, "मराठी बनता हूँ."

फेरपरीक्षेत त्याला चोवीस मिळाले. एक चुकला तो पुरणपोळीचा. तेवढ्या एका ठिकाणी त्याचा हातच वळला नाही. चोवीस मार्क बघून समितीला जरा संशय आला, कारण समितीतल्या कुणालाही सतराच्या वर मिळाले नव्हते, ते सगळे पदसिद्ध पास होते. पण दाखला मिळाला. खाली सही, वर शिक्का.

"झालं, खलास," गुंडू दाखला खिशात घालत म्हणाला.

"खलास कसं?" खरशीकर साहेबांनी चष्मा काढला. "पूजा सपत्नीक आहे. दाखला तुमच्या एकट्याचा आहे. पत्नीची तोंडी परीक्षा व्हायला हवी."

रंभा गणपतीच्या सहा दिवस आधी उतरली. विमानतळावरच्या काउंटरवर पांढऱ्या कपड्यातला एक वयस्क साहेब होता. पासपोर्ट उघडून त्याने हिंदीत विचारलं, "शौहर का नाम?" रंभा गप्प. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे तिला आईने सांगितलेलं, सासूने सांगितलेलं, आणि अकरा वर्षांत ते तिने एकदाही मोडलेलं नव्हतं. साहेबाने परत विचारलं. रंभाने पदर पुढे ओढला. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागच्या रांगेकडे. मग पासपोर्ट उलटा फिरवून तिच्यापुढे धरला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ये?"

रंभाने मान हलवली.

"मेरी माँ भी नहीं बोलती थी," साहेब म्हणाला आणि शिक्का मारला. "यल्ला, जाओ."

दोन मिनिटांत रंभा बहरीनमध्ये आली. राहिली अँब्रोजच्या बुसैतीनच्या घरी. त्याच्या बायकोने, बर्थाने, पुढची खोली झाडून दिली होती. आता तेवढं मराठीत यायचं राहिलं होतं.

तोंडी परीक्षेला अदलियाच्या बंगल्यात पाच जणांची समिती एका बाजूला, रंभा दुसऱ्या बाजूला, आणि दाराशी गुंडू आणि अँब्रोज. खरशीकरांच्या पत्नी अरुणाताई चहा घेऊन आल्या आणि तिथेच कोपऱ्यात बसल्या.

"प्रश्न पहिला," खरशीकर म्हणाले. "यजमानांचं नाव?"

रंभाने खाली बघितलं.

"घाबरू नका. सोपा प्रश्न आहे. मुद्दाम सोपा ठेवलाय."

रंभाने दाराकडे बघितलं.

"साहेबानू, मी सांगतंय," गुंडू दारातून म्हणाला.

"उमेदवाराला मदत करता येणार नाही."

"अहो पण माझाच नाव ता!"

"असेल. पण प्रश्न त्यांना आहे."

अँब्रोज पुढे वाकून कुजबुजला, "वहिनी, उखाणा घ्या. उखाण्यात चालतं."

रंभाला ते पटलं. तिने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि एका दमात म्हणाली :

"समुद्राच्या पलीकडे बस चालवता बरी,
गुंडूरावांचा नाव घेतंय परक्याच्या घरी."

'परक्याच्या घरी' ऐकून समितीत जरा चुळबूळ झाली, पण अडचण वेगळीच निघाली. नियम क्रमांक नऊ : तोंडी परीक्षेत उत्तर एका शब्दात द्यावे. उखाण्यात शब्द होते दहा. नऊ जादा. नागपूरचे गृहस्थ म्हणाले, "दहात एक बरोबर म्हणजे एकदशांश गुण द्यायला हरकत नाही." दुसरे म्हणाले, "अपूर्णांकाची तरतूद नाही." अर्धा तास खल झाला. शेवटी खरशीकर साहेबांनी निकाल लिहिला : 'उमेदवारास मराठी चालीरीती पक्क्या ठाऊक आहेत. त्यामुळे प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. अनुत्तीर्ण.'

गुंडूचं तोंड उतरलं.

रंभा मात्र उठली नाही. ती म्हणाली, "मी एक इचारू?"

"विचारा की."

"माझा नाव काय ता सांगा."

खरशीकर साहेब हसले. "त्यात काय," म्हणत त्यांनी समोरचा अर्ज उचलला. अर्जावर यजमानांचं नाव होतं, यजमानांचं गाव होतं, यजमानांचा हुद्दा होता, कुलदैवत होतं. पत्नीच्या रकान्यात छापलेलं होतं, 'सौ.' आणि पुढे काहीच नव्हतं. छापतानाच कुणी जागा सोडली नव्हती. अर्ज एका हातातून दुसऱ्या हातात, पाचही जणांकडे फिरून परत आला.

"सौ. गुंडू," एक जण चाचरत म्हणाला.

"ता त्येंचा झाला," रंभा म्हणाली. "माझा इचारलंय. मगे तुमी पण नापास."

कोपऱ्यातून अरुणाताई म्हणाल्या, "माझ्या दाखल्यावर पण नाहीये हो नाव. बघा तरी."

दाखले मागवले. मंडळात बायकांचे अडतीस दाखले निघाले होते, अडतीसही 'सौ.' पर्यंत येऊन थांबलेले. आता समितीचं धाबं दणाणलं, कारण नियम क्रमांक तीन होता : ज्या उमेदवाराची ओळख पटलेली नाही, त्याचा दाखला रद्द समजावा. अडतीस दाखले रद्द. बायकोचा रद्द म्हणजे सपत्नीक म्हणून नवऱ्याचाही लटकला. खरशीकर साहेबांनी कागदावर आकडेमोड केली आणि त्यांच्या ध्यानात आलं की गणपतीला चार दिवस उरले असताना नियमाप्रमाणे बहरीनमध्ये पूजेला बसू शकेल असं एकही मराठी जोडपं शिल्लक नाही. खुद्द अध्यक्ष धरून.

आणि गणपती काही तहकूब करता येत नाही.

रात्री तातडीची सभा झाली आणि ठराव झाला तो असा : 'परिस्थिती अपवादात्मक असल्याने यंदा आरती, पूजा व पंगत यांसाठी मराठी असण्याची अट शिथिल करण्यात येत आहे.' अट गेली म्हटल्यावर उरली ती फक्त चिठ्ठी. आणि चिठ्ठी गुंडूची.

अशा रीतीने गुंडू आणि रंभा मंडळाच्या वहीत अमराठी म्हणून पूजेला बसली. गुंडूने सोवळं नेसलं होतं, रंभाने लग्नातली नऊवारी. भटजींनी संकल्प सांगितला, दोघांनी हाताला हात लावून पाणी सोडलं. रंभाने एकदा हळूच गुंडूकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, रडताव कित्याक?" गुंडू म्हणाला, "धूप गेलो डोळ्यांत." आरतीला तीनशेवर माणूस होता, सगळा वहीप्रमाणे अमराठी, आणि टाळ्यांचा ठेका एकाचाही चुकत नव्हता. अँब्रोज मागे उभा राहून झांज वाजवत होता.

महिना संपला, रंभा गावी गेली. दिवाळीनंतर मंडळाने सुधारित अर्ज छापले. झालेल्या चुकीतून समितीने धडा घेतला होता. पहिलाच रकाना, उमेदवाराचं स्वतःचं नाव. बायकांनासुद्धा. आणि त्याच्या खाली जाड अक्षरात दुसरा रकाना होता, 'आडनाव (सक्तीचे)'.

वार्षिक सभेत खरशीकर साहेबांनी समजावून सांगितलं, "आडनाव नीट लिहून घेतलं की बाकीचे चोवीस प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. माणूस कळतो."

यावर मात्र कुणी भांडला नाही. पुण्याचे, नागपूरचे, कोल्हापूरचे, दुधाचे, तुपाचे, आमटीचे, सगळ्यांनी एकदम हात वर केले. मंडळाच्या इतिहासात एकमताने पास झालेला तो पहिला ठराव.

गुंडूनेही अर्ज घेतला. बसच्या स्टिअरिंगवर कागद टेकवून त्याने नाव लिहिलं आणि दुसऱ्या रकान्याशी येऊन पेन धरून बसून राहिला. मागून फिटरांनी आरडाओरडा केला तसा त्याने अर्ज घडी करून सीटखाली सारला आणि गाडी सुरू केली.

या गोष्टीत गुंडूचं आडनाव कुठेच आलेलं नाही. ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. पहिल्या पानापासून शोधत होता ना?