मामांच्या मागे

विजेवर चालणारा मालट्रक शेठकडे आठवडाभर चालवून बघायला आला आणि जुन्या ड्रायव्हरमामांनी तो बघताक्षणीच आपला मानला. सव्वीस वर्षं डिझेलचा धूर खाऊन त्यांची छाती खरखरत होती.

"सिमेंट घेऊन डोंगरापलीकडे जा. बॅटरी वीस टक्के उरली तर गाडी विकत घेतो, तुमच्याच हातात देतो," शेठ म्हणाले. "नाहीतर परत पाठवतो."

"वीस काय घेऊन बसलात! चाळीस उरवून दाखवतो!"

मामा हट्टाला पेटले म्हणजे संपलंच. त्यांनी एसी बंद केला, रेडिओ बंद केला. ओझं नको म्हणून बायकोने दिलेला डबा निघण्यापूर्वीच खाऊन टाकला. तो डबा पोटात बसून गाडीतूनच येणार, हे त्यांना कोण सांगणार?

गाडी जितकी हळू, तितकी बॅटरी कमी लागते, हे वाटेत लक्षात आलं. मग काय, मामा पन्नासवरून तीसवर आले आणि चढाला वीसवर. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, पुढे काढायला जागा नाही. मागे शेठच्याच सहा डिझेल गाड्या अडकल्या. पहिली मामांच्या मेहुण्याची. त्याचा फोन आला.

"दाजी, गाडी ढकलत नेताय का?"

"गप रे! चौसष्ट टक्के आहे अजून!"

तीन तासांच्या वाटेला सहा तास लागले. शेठ आपल्या मोटारीने आधीच पुढे येऊन पलीकडे ताटकळत उभे होते.

"एक्केचाळीस!" मामा उडी मारून उतरले.

"आणि मागच्या सहा गाड्यांनी रडतखडत येताना दीडपट डिझेल जाळलं, ते? एका गाडीचा धूर वाचवलात, सहांचा वाढवलात! ही गाडी उद्याच परत जाणार."

मामांचा चेहरा पडला. तेवढ्यात मेहुणा बाह्या सरसावत आला. आता मार बसतो, असं वाटून मामा शेठच्या आड सरकले.

"शेठ, शिव्या देऊन माझा घसा बसला," मेहुणा म्हणाला. "पण सहा तासांत एकदासुद्धा खोकलो नाही! पुढच्याचा धूर न खाता आयुष्यात पहिल्यांदा पोचलोय. ही गाडी परत जाता कामा नये."

त्याच्या मागचे पाचजण तोवर खोकत खोकत खाली उतरत होते. शेठ त्यांच्याकडे बघत राहिले.

"बरं, राहू द्या गाडी," ते शेवटी म्हणाले. "पण मामा, उद्या पन्नासने!"

तोवर उद्या मामांच्या मागे कोणी राहायचं, यावरून सहाजणांची जुंपली होती.