आधी माणूस, मग घोडी

चालायला जंगलात जायचं, हे नियमरावांच्या बायकोने ठरवलं, त्यांनी नव्हे. नियमराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. पाणीपुरवठा कार्यालयात ते हेडक्लार्क होते आणि नळजोडणीच्या अर्जावरची सही चौकटीच्या जराशी बाहेर गेली तरी अर्ज परत पाठवत, म्हणून हाताखालच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. (ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना तो गौरव वाटला.)

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. पण नियमराव चालणार फुटपाथवरून, आणि फुटपाथवर लोकांनी स्कूटर लावलेल्या. मग स्कूटरचा मालक शोधायचा, त्याला झोपेतून उठवून दारात बोलवायचं, पायी चालणाऱ्याचे हक्क समजावून सांगायचे. सगळी सकाळ यात जायची, चालणं व्हायचं कोपऱ्यापर्यंत, आणि रक्तदाब होता त्याच्याही वर चढायचा. बायको शाळेत शिवण शिकवायची. कापड कुठून उसवतंय हे तिला लांबून कळे. तिने रविवारी त्यांना बसमध्ये बसवलं आणि शहराबाहेरच्या जंगलवाटेवर नेलं. तिथे भांडायला झाडांखेरीज कोणी नसेल, असा तिचा अंदाज होता.

अंदाज फाटकापाशीच चुकला. तिथे पाटी होती, आणि पाटीवर चालणारा माणूस, सायकल आणि घोडा अशी तीन चित्रं. रखवालदाराने समजावलं, की वाट एकच आणि ती तिघांची. सायकलवाल्याने बाकीच्या दोघांना वाट द्यायची, आणि चालणाऱ्याने घोड्याला. नियमरावांचा चेहरा उजळला. पाटीचा पहिला भाग त्यांनी मनात कोरून ठेवला. दुसरा त्यांच्या मनाने परस्पर परत पाठवला.

मग काय, वाटेच्या बरोबर मधोमध चालणं सुरू झालं. मागून घंटी वाजली की ते थांबत, सावकाश वळत आणि सायकलवाल्याला खाली उतरायला लावत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर लांबूनच उतरून नमस्कार केला, तर त्यांना नियमरावांनी विचारलं, की इतक्या उशिरा का उतरलात. बायको हळूहळू पुढे निघून गेली. ओळख दाखवायची नसली की ती अशीच झपाझप चालायची.

आणि वळणावर घोडी आली.

करड्या रंगाची, भरल्या अंगाची, शांत डोळ्यांची घोडी. वर पिकल्या केसांच्या एक बाई, दातांच्या डॉक्टर. (हे नंतर कळलं. पण लोकांच्या उघड्या तोंडाकडे शांतपणे बघायची त्यांना सवय होती, हे तेव्हाही दिसत होतं.) त्यांनी नम्रपणे विनंती केली, की जरा उताराच्या बाजूला सरकून उभे राहा, घोडी पुढे जाईल.

नियमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर ज्यांनी नियम पाळले आणि पाळायला लावले, त्यांचं घोडं अखेर इथे अडलं.

"माणसाने जनावराला वाट द्यायची?" ते म्हणाले. "ही कुठली रीत?"

बाईंनी सांगितलं, की घोडा बुजरा असतो. माणूस बाजूला झालेला बरा.

"बुजरी आहे तर घरी ठेवा. मी हलणार नाही."

बायको धावत मागे आली. तिने बाही ओढली, पाटीची आठवण दिली. नियमरावांनी सांगितलं, की पाटी रंगवणारा चुकला असणार, आपण वर तक्रार करू. बाई मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नसाल हलत तर निदान बोलत राहा. आवाज ऐकला की घोडीला माणसाची भीती वाटत नाही.

बोलत राहा, असं नियमरावांना आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. ते बोलले. माणूस कसा श्रेष्ठ, पायी चालणारा त्याहून कसा श्रेष्ठ, कर कोण भरतं, वाटा कोणाच्या पैशाने होतात. घोडी कान टवकारून ऐकत होती. कार्यालयात इतकं लक्ष देऊन त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांना आणखी जोर चढला. नीट ऐकू यावं म्हणून की काय, घोडी एक पाऊल पुढे आली, मान खाली घातली, त्यांच्या शर्टाचा वास घेतला आणि शिंकली.

नियमराव माणूस म्हणून श्रेष्ठ असतील, पण उडी त्यांनी बेडकाची मारली. वाटेवरून थेट खालच्या चरात. पाय मुरगळला तो असा, की बूट एकीकडे बघतोय आणि नियमराव दुसरीकडे. घोडी जागची हलली नाही. तिने फक्त मान वाकडी करून खाली पाहिलं, भाषण संपलं का म्हणून.

बायकोने ओढणी काढून घोटा घट्ट बांधला. गाठही टाके घातल्यासारखी मारली. नियमरावांना ती फार लागली. आता फाटकापर्यंत जायचं कसं? सायकलवाले मदतीला आले असते, पण सकाळपासून जे भेटले ते सगळे केव्हाच लांब सटकले होते. अडला हरी गाढवाचे पाय धरतो. इथे निदान घोडी होती. बाई उतरल्या, एका आडव्या पडलेल्या खोडाशेजारी घोडीला उभं केलं, बाईंनी खालून रेटलं, बायकोने खोडावर चढून ओढलं, आणि नियमराव खोगिरावर पोचले.

थोडा वेळ ते आयाळ धरून डोळे मिटून बसले. मग डोळे उघडले. उंचावरून जग बरं दिसत होतं. आणि त्या जगात, वाटेच्या बरोबर मधोमध, कानात गाणी घालून एक जोडपं चाललं होतं.

"ओ, बाजूला व्हा," नियमराव वरून गरजले. "पाटी वाचली नाहीत? घोड्याला वाट द्यायची असते."

तो माणूस वळून म्हणाला, "काका, माणसाने जनावराला वाट द्यायची?"

"अर्थात," नियमराव संतापून म्हणाले. "नियम आहे. तुमच्यासारख्या लोकांमुळेच अपघात होतात."

लगाम धरून चालणाऱ्या बायकोने बाईंकडे पाहिलं. बाईंनी, पेशंटकडे पाहावं तसं, शांतपणे झाडांकडे पाहिलं. फाटकापर्यंत नियमरावांनी असे बरेच लोक बाजूला केले, आणि चालणाऱ्यांना शिस्त म्हणून नसते, असं दर वेळी घोडीला सांगितलं.

हाडांच्या दवाखान्यात बाकावर गर्दी होती. कंपाउंडर बाहेर आला आणि त्याने हाक मारली, "घोड्यावरून पडलेले साहेब कोण?"

सगळे वळून बघू लागले. दोघा-तिघांनी आदराने सरकून जागाही करून दिली. नियमरावांची छाती फुगली. घोड्यावरून पडणं यात एक रुबाब असतो. ते काठीवर भार देऊन उठले, गंभीर चेहरा केला आणि हात वर केला.

"घोड्यावरून नाही हो," बायको कंपाउंडरला म्हणाली. "तसं झालं असतं तर निदान सांगायला बरं होतं. घोडी उभी होती, हे पडले."