खंडेनवमीचं प्रमाणपत्र

साताऱ्याला शिक्षक भरतीच्या कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर संयोगिताचं डी.एड.चं प्रमाणपत्र पहिल्या मिनिटालाच अडकलं. मॅडमनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, चष्मा काढूनही पाहिलं.

"यावर काय सांडलंय?"

"सांडलं न्हाई, लावलंय," दाराशी उभे असलेले लालासाहेब अभिमानाने पुढे झाले. "हळदकुंकू हाय. दर खंडेनवमीला लावतो."

संयोगिताचे वडील लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन म्हसवडला परतले होते. पलटणीत खंडेनवमीला रायफलींची पूजा व्हायची. घरी रायफल नव्हती. लेक डी.एड. झाली त्या वर्षी त्यांनी ठरवून टाकलं, मास्तरीणबाईंचं हत्यार म्हणजे प्रमाणपत्र. तेव्हापासून दरसाल ते पाटावर यायचं आणि हवालदारसाहेब उजव्या कोपऱ्यात बोट दाबायचे. सतरा वर्षांत त्यांचा नेम एकदाही चुकला नाही. दुर्दैवानं प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्राचार्यांची सही त्याच कोपऱ्यात होती.

हत्याराची पूजा झाली, पण ते चालवायची वेळ काही आली नाही. आधी भरती बंद पडली. मग टीईटी ही पात्रता परीक्षा आली, ती दुसऱ्या खेपेला सुटली. मग अभियोग्यता चाचणी आली. तासिका तत्त्वावर दुसऱ्यांच्या शाळेत शिकवता शिकवता संयोगितानं अडतिशी गाठली. ही भरती हुकली तर पुढच्या भरतीत वय बसणार नव्हतं.

"क्रमांक वाचता येत नाही. झेरॉक्समध्ये तर नुसतं काळं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजकडून लिहून आणा. पाचपर्यंत थांबते."

लालासाहेबांनी लगेच सांगलीच्या कॉलेजचा जुना नंबर लावला.

"बोला, तारीख कंची?" पलीकडून विचारणा झाली.

"तारीख न्हाई, सर्टिफिकेटचा नंबर पायजे."

"आवं, कॉलेज कवाच बंद पडलं. आता मंगल कार्यालय हाय. लगीन कुणाचं, पोरीचं का?"

लालासाहेबांनी लेकीकडे पाहिलं आणि फोन बंद केला. मग आपली चूक आपणच निस्तरावी म्हणून त्यांनी रुमाल ओला करून कोपरा पुसायला घेतला. मॅडम "नको नको" म्हणेपर्यंत कुंकू पसरलं आणि उरलीसुरली सहीही गुलाबी झाली. लालासाहेब रुमाल हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांचं तोंड पार उतरलं होतं.

मॅडमनी हताश होऊन कॉम्प्युटरकडे पाहिलं. "तुमचं पद सहावी ते आठवीचं आहे. याला बी.एड. पण चालतं. तुमच्या फॉर्मात लिहिलंय की."

"चुकून आलं आसंल," लालासाहेब म्हणाले. "बी.एड. आमी केलंच न्हाई."

संयोगितानं मान खाली घातली. फाइलच्या तळातून तिनं एक पाकीट काढलं. आतलं प्रमाणपत्र कोरं करकरीत होतं, कोपऱ्यात क्रमांक स्वच्छ. मॅडमनी टकाटक शिक्के मारले.

"हे कवाचं?" व्हरांड्यात आल्यावर लालासाहेबांनी विचारलं.

"सहा वर्सं झाली, आबा."

"मला बोलली न्हाईस."

"दर परीक्षेला तुमी गावभर पेढं वाटायचा. मग लोक विचारायचे, पोरगी कंच्या शाळंत लागली? तुमी म्हणायचा, ऑर्डर निघतीय. सतरा वर्सं तेच. मला ते पुन्यांदा ऐकवत न्हवतं."

लालासाहेबांना फार वाईट वाटलं. पोरगी एवढी मोठी परीक्षा पास झाली आणि बापाच्या भीतीनं नव्हे, तर त्याच्या आनंदाच्या भीतीनं गप्प बसली. त्यांचा हात खिशाकडे गेला, तिथं आजच्या दिवसासाठी आणलेली कुंकवाची पुडी होती. ती चाचपून त्यांनी हात परत खाली घेतला.

संयोगितानं ते पाहिलं. तिनं फाइलमधून बी.एड.ची झेरॉक्स काढून पुढे धरली.

"ह्याला लावा."

"झेरॉक्सला?"

"व्हय. ओरिजनल आता शाळंत लागंल."

लालासाहेबांनी पुडी सोडली आणि कोपऱ्यावर बोट धरलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा नेम चुकला. नजर लेकीच्या तोंडाकडे होती, त्यामुळे कुंकू कागदावर थोडं आणि तिच्या मनगटावरच जास्त पडलं.