जानरावाचं पहिलं पोस्टकार्ड

जानरावानं आयुष्यातलं पहिलं पोस्टकार्ड स्वतःच्या हातानं लिहून पेटीत टाकलं, तेव्हा सेक्टर दोनच्या क्वार्टरात त्याची छाती मावेना. गोंदियाकडचा विडी कारखाना सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामावर येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. इथं आल्यावर चौथी शिकलेल्या बायकोनं, ललितानं, त्याला अक्षरं शिकवली. मग जुन्या सोबत्यांना विसरून कसं चालेल? कार्ड गेलं तिथं शेजारी बसून विड्या वळणाऱ्या सिंधुताईच्या नावानं, विडी कारखान्याच्या पत्त्यावर. त्यात खुशालीच्या दोन ओळी होत्या, आणि चांगल्या विड्या खराब ठरवून फेकणाऱ्या मुनीमजींचा उद्धार अकरा ओळींत.

"सारं लिवलं त्या सैतानाचं!" जेवताना तो म्हणाला.

"पन तिथं वाचून दाखवन कोन?" ललितानं विचारलं.

घास हातातच राहिला. तिथं वाचता येणारे एकटे मुनीमजी. कुणाचंही पत्र आलं की तेच सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायचे.

"अवं, सिंधुताईले कामावरून काढन ना तो! माह्यापायी!"

सायकल दामटत तो पेटीपाशी पोचला, तर पोस्टमन थैली बांधत होता. कार्ड परत मिळेना.

"अपना ही लिखा है ना? फिर डर काहे का?" म्हणत पोस्टमन चालता झाला.

घरी येऊन जानरावानं लगेच दुसरं कार्ड लिहिलं. "पयलं कार्ड मुनीमजीले दाखवू नका."

"अन् हे कोन वाचून दाखवन?" ललितानं ते फाडलंच.

शेवटी एकच वाट उरली, मुनीमजींना खूश करायची. दातओठ खात जानरावानं लिहिलं, "मुनीमजी म्हंजे देवमानूस. त्यायच्यासारखा मानूस भिलाईत सापडला नाही."

पुढचे दहा दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. मग उत्तर आलं, एकमेकांवर रेलणाऱ्या अक्षरांत. लिहिणारी खुद्द सिंधुताई!

"तू शिकून राहिला, हे तुह्या संग कामावर असनारा तेजराम गावाकडे आला तवा सांगून गेला. तवापासून आमी बी पाटी घेतली. तुह्यं पयलं कार्ड आमीच वाचलं, तीनदा. हसून हसून पोट दुखलं. दुसरं मातर मुनीमजीच्या हाती लागलं. त्यानं ते काचेत लावून भिंतीले टांगलं. आता रोज आमाले ऐकवते."

जानरावाचे डोळे भरून आले. सिंधुताई स्वतः लिहिते! आपल्यामुळे! त्याला कोण अभिमान वाटला.

"अन् त्या सैतानाची आरती टांगली भिंतीवर, त्याचं काय?" ललिता म्हणाली.

जानरावानं डोळे पुसले आणि मान ताठ केली.

"तू चौथी पास ना वं? मंग तुह्यं अक्षर लागलं का कदी काचेत?"