आधी चष्मा, मग वेदिका

सकाळी जाग आली की निकिताचा हात आधी उशीशेजारी फिरायचा. मोबाइल, केसांची पिन, वेदिकाचा एक मोजा आणि सगळ्यात शेवटी चष्मा. तोवर वेदिका समोर येऊन बसलेली असायची. उणे साडेसातच्या नंबराला समोर बसलेली सहा वर्षांची मुलगी म्हणजे काळ्या केसांखाली गव्हाळ रंगाचा एक ठिपका.

"मम्मी, सांग ना, मी कसं तोंड केलंय?"

"थांब, चष्मा लावते, मग बघते तुला."

चष्मा लागेपर्यंत तोंड सरळ झालेलं असायचं. असे किती चेहरे निसटले, कोण जाणे. पहिला तर दवाखान्यातच निसटला होता. नर्सने मुलगी समोर धरली तेव्हा निकिताचा चष्मा सासूबाईंच्या पिशवीत, आणि सासूबाई बाहेर बाकावर. स्वतःच्या लेकीबद्दल निकिताचा पहिला प्रश्न होता, "सिस्टर, दिसते कशी हो?"

चष्मा न शोधता, डोळे उघडल्या उघडल्या वेदिकाचा चेहरा दिसावा, एवढंच तिला हवं होतं. लेझर करायचं तर लग्नाआधीच ठरलं होतं. पण तेव्हा नंबर स्थिर नव्हता. मग दिवस गेले. मग डॉक्टर म्हणाले, अंगावर पाजताय तोवर नको. मग सातपूरचा हा फ्लॅट घेतला. आता कुठे तपासण्या झाल्या होत्या, बुबुळाची जाडी पुरेशी निघाली होती आणि येत्या शनिवारची तारीख मिळाली होती.

रविवारी नाश्त्याला तोच विषय होता.

"लेझर म्हंजी डोळ्याला चटका देतात का काय?" बायडाबाईंनी विचारलं. सासूबाई नांदगावहून राहायला आल्या होत्या आणि सून डोळ्यांना काहीतरी करून घेणार हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

"चटका नाही हो, आई. अर्ध्या तासात घरी. दुसऱ्या दिवसापासून चष्मा नाही."

"मग हा जांभळा चष्मा मला?" वेदिका म्हणाली.

"ज्याला नंबर असतो त्यालाच चष्मा मिळतो, बाळा. पोहे संपव."

वेदिकाने पोहे संपवले. कढीपत्त्यासकट. मुलीला शिंक आली तरी तापमान बघणाऱ्या निकिताला इथेच शंका यायला हवी होती. पण ती मनाने शनिवारात पोहोचली होती.

मंगळवारी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि दप्तरातून चिठ्ठी आली : 'दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची पहिली ओळही वाचत नाही. नेत्रतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.'

निकिता चिठ्ठी घेऊन सोफ्यावर बसली ती उठेचना. पहिली शिफ्ट करून आलेल्या नवऱ्याने, महेशने बूट काढता काढता विचारलं, "काय झालं?"

"माझंच आलं तिच्यात! पहिली ओळ, अहो! पहिल्या ओळीत परातीएवढी अक्षरं असतात!"

"थांब, घाबरू नको. आपण घरी बघू."

भिंतीवरची दिनदर्शिका काढून महेशने स्वयंपाकघराच्या दारात धरली. वेदिका बाल्कनीच्या दाराशी उभी राहिली.

"हे काय आहे?"

"कुठे काय आहे?" वेदिका म्हणाली.

"अगं, हा आकडा!"

"मला तर पप्पाच दिसत नाहीयेत."

अंतर जास्त असेल, म्हणून खात्रीसाठी निकिताने दिनदर्शिका स्वतः धरली आणि नमुन्यादाखल महेशला उभं केलं.

"सतरा," महेश म्हणाला.

"नीट बघा."

"अकरा?"

"पप्पा, सत्तावीस! खाली एकादशी लिहिलंय," वेदिका कुजबुजली आणि लगेच तोंडावर हात ठेवून गप्प झाली.

"बघितलंत? बिचारी आठवणीने सांगते," निकिताचे डोळे भरून आले. "आणि तुम्हाला सत्तावीस दिसत नाही? तुम्ही गाडी कशी चालवता?"

"अंदाजाने," महेशने खरं ते सांगून टाकलं.

"माझं पण बघा की," म्हणत बायडाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी दिनदर्शिकेकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "गणपतीचा फोटो लय छान हाय."

फोटो कुठलाच नव्हता.

त्या संध्याकाळपासून घरात डोळ्यांचं राज्य सुरू झालं. टीव्हीवर चादर पडली. त्यामुळे बायडाबाईंची मालिका गेली आणि महेशची मॅच. मोबाइल कपाटात गेला. बायडाबाईंनी रोज शेवग्याच्या पाल्याची भाजी सुरू केली, शिवाय सकाळी सोसायटीच्या बागेत दवावर अनवाणी चालायचं. दव फारसं नव्हतं, म्हणून वॉचमन खंडेरावांना सांगून नळीने गवत ओलं करून घेतलं. परिणामी बुधवारी वेदिकाला सर्दी झाली आणि बायडाबाईंचा पाय घसरून कंबर धरली.

"तरी मी म्हनत व्हते, घरात लेझरचं नाव काढू नका," कंबरेला शेक घेत त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी निकिताने गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

"शनिवारचं माझं लेझर रद्द करा. आधी मुलीचं दाखवायचंय."

"मॅडम, ही तारीख सोडली तर पुढची तीन आठवड्यांनी मिळेल," पलीकडची मुलगी म्हणाली.

निकिताने चष्मा काढून पुसला. कोपऱ्यात वेदिकाचा ठिपका बाहुलीची वेणी घालत होता.

"सोडली," ती म्हणाली.

शुक्रवारी दवाखान्यात सगळं घर गेलं, कारण डॉक्टर मृण्मयी फोनवर ऐकून म्हणाल्या होत्या, "सगळ्यांनाच आणा." महेशला उणे दीड निघाला. बायडाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मग वेदिकाची पाळी आली.

तिने तक्त्याकडे बघून निर्धाराने मान हलवली. "काहीच दिसत नाही."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्ध्या तासाने मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, बॅटरीने आत बघितलं. निकिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग डॉक्टरांनी तपासणीची जड, गोल फ्रेम वेदिकाच्या नाकावर बसवली आणि तिच्यात दोन काचा सरकवल्या.

"आता चष्मा लावलाय हं आपण. आता दिसतंय का?"

वेदिकाचा चेहरा उजळला. तिने वरून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे आकडे धडाधड वाचले. मग तक्ता छापणाऱ्याचं नाव वाचलं, त्याचा पिन कोड वाचला.

"किती नंबर आहे, डॉक्टर?" निकिताने विचारलं.

"शून्य. साध्या काचा आहेत. या घरात चांगले डोळे फक्त हिचेच आहेत."

आधी बायडाबाई बोलल्या. "म्हंजी माझी मालिका उगाच गेली?"

"वेदिका, असं का केलंस?" निकिताला ओरडायचं होतं. आवाज मात्र भलताच निघाला.

"तूच म्हणालीस ना, नंबर असतो त्यालाच चष्मा मिळतो? तू फेकून देणार होतीस. मला पाहिजे होता." जड फ्रेम सावरत तिने नाक ओढलं. "तू रोज उठल्यावर आधी त्यालाच शोधतेस."

निकिताने तिला जवळ घेतलं. फ्रेमची कडा कपाळाला टोचली, तरी सोडलं नाही.

तीन आठवड्यांनी निकिताचं लेझर झालं. संध्याकाळी काळा गॉगल लावून ती घरी आली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि महेश त्याच्या नव्या चष्म्यातून घड्याळ बघून औषधाचे थेंब घालत होता. झोपताना डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या पारदर्शक वाट्या चिकटवल्या. डोक्यावरून पाणी नको, फोडणीची वाफ नको, डोळे चोळायचे नाहीत. निकिताने सगळं ऐकलं. तिला फक्त सकाळ हवी होती.

सकाळ झाली. सवयीने हात उशीशेजारी फिरला. मोबाइल, पिन, मोजा. चष्मा नव्हता. तिला आठवलं, आणि हात थांबला. तिने हलक्या हाताने वाट्या काढल्या आणि डोळे उघडले.

पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसली. भिंतीवरचा सत्तावीस दिसला. मग तिने मान वळवली.

समोर वेदिका बसली होती. स्पष्ट, आखीव. तिच्या डाव्या गालावरचा बारीक तीळसुद्धा मोजून घ्यावा असा दिसत होता. पण तो दिसत होता जांभळ्या चष्म्याच्या चौकटीतून. रात्री महेशने त्यातल्या काचा काढून दिल्या होत्या. चौकट नाकावरून घसरून पार ओठांपर्यंत आली होती.

"वेदू, बाळा, इकडे बघ ना माझ्याकडे," निकिता म्हणाली.

वेदिकाने डोळे घट्ट मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी चौकट वर चढवायला सुरुवात केली.

"थांब, मम्मी. चष्मा लावते, मग बघते तुला."